बॉर्डरच्या ओळीतला गहू

“मीठ मिळेल का थोडं?” ओंब्यांची तिसरी मूठ तोंडात टाकता टाकता कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, आणि आमचे साहेब बांधावर मटकन खाली बसले.

ओंब्या मी भाजल्या होत्या. कडुलिंबाखालच्या ओळीतला हिरवा गहू विळ्यानं कापला, काटक्यांचा जाळ केला, भाजलं, गोणपाटावर चोळलं, सुपात पाखडलं. फार्म बघायला आलेल्या कमिटीचे पाच पाहुणे होते, पाचही जण कागदी ताटल्या हातात घेऊन उभ्या उभ्या खात होते. “वा, काय गोडी आहे!” असं एक जण म्हणाला, तेव्हाच साहेब ऑफिसातून कागद घेऊन आले होते.

“बाई, हे कुठलं कापलं?”

“बॉर्डरचं. दुसरं कुठलं कापीन?”

“कुठल्या बाजूचं?”

“लिंबाच्या.”

“किती?”

“पुरी ओळ. पाच मान्सं हायेत साहेब, दोन ओंब्यांत काय हुतंय?”

तेवढ्यात अध्यक्षांनी मीठ मागितलं. साहेब बसले होते तिथंच त्यांनी हात लांब केला, वाफ्याच्या कडेला जमिनीवर फुटलेलं पांढरं नखानं खरवडलं आणि ती चिमूट अध्यक्षांच्या ताटलीत टाकली.

“घ्या. इथलंच आहे.”

अध्यक्ष खो खो हसले. बाकीचे चार जण त्यांच्याकडे बघून हसले. साहेब हसले नाहीत. इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं, त्यांनी विनोद केलेला मला आठवत नाही. लोक हसायचे ती गोष्ट वेगळी.

त्या ओळीत साहेबांची आठ वर्षं उभी होती. हे फक्त साहेबांना ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणूनच त्यांनी ती तिथं लावली होती.

आमचं फार्म राहुरीच्या पुढं, कालव्याच्या खालच्या अंगाला. कालवा आला तेव्हा लोकांनी उसाला इतकं पाणी पाजलं की जमिनीच्या पोटातलं मीठ वर आलं. उन्हाळ्यात ती जमीन भस्म फासल्यासारखी दिसते. माझ्या घरचे वीस गुंठेही तसेच. तिथं सासऱ्यांनी केळी काढल्या असं सांगतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथं पांढरंच निघतंय. अशा जमिनीत जगेल असा गहू करायचा, हे साहेबांचं काम. सरकारनं दिलेलं काम होतं, पण साहेबांनी ते घरच्या लग्नासारखं अंगाला लावून घेतलं होतं.

माती ते चाखून बघत. मीठ मोजायचं यंत्र ऑफिसात होतं, पण त्याचे सेल संपलेले असत आणि नवे मागवायचा अर्ज साहेबांना लिहायचा नसे. मग बोट मातीत, बोट जिभेवर, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचा. “सात.” मी वहीत सात लिहायची. एकदा लॅबमध्ये नव्या आलेल्या मॅडमनी स्वतःच्या पर्समधले सेल घालून यंत्र लावलं. ते सहा पूर्णांक आठ म्हणालं. साहेब म्हणाले, “यंत्र जरा कमी दाखवतंय.”

एका शेतकऱ्यानं त्यांना आपल्या रानात नेलं होतं. तो म्हणाला, मीठ फुटलंय, काही उगवत नाही. साहेबांनी तीन ठिकाणी माती चाखली. मग म्हणाले, “इथं मीठ. तिथं तुम्ही युरिया सांडलाय. आणि या कोपऱ्यात तुमचं कुत्रं येतं.” शेतकरी म्हणाला, “साहेब, चूळ भरा.” साहेब म्हणाले, “आधी लिहून घ्या.”

यात गंमत अशी की साहेबांना ब्लडप्रेशर होतं आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. घरी अळणी वरण, अळणी भाजी. रोज साडेअकराला त्यांच्या बायकोचा फोन मला यायचा, त्यांना नाही.

“मावशी, आज किती ठिकाणी खाल्लं?”

“सा ठिकानी.”

“थुंकले का?”

“चारदा थुंकले. दोनदा इसरले.”

“त्यांना सांगा, संध्याकाळी दुधी आहे.”

मी निरोप सांगायची. साहेब म्हणायचे, “तरीच कुणीतरी चुगली करतंय.” आणि माझ्याकडे न बघता पुढच्या वाफ्यात बोट घालायचे.

आम्ही बाया उन्हात काम करताना घाम पुसला तरी ते ओरडत. “घाम बांधावर जाऊन पुसा! ट्रायलमध्ये मीठ वाढवू नका!” माझी जोडीदारीण गयाबाई तोंडाची फटकळ. ती म्हणाली, “साहेब, मग आमाला सावलीत बसवा. तुमचं मीठ बी वाचंल.” साहेबांनी खरंच विचार केला आणि दुपारी दोन तास काम बंद ठेवलं. फार्मवर दुसऱ्या कुठल्या साहेबाकडं ही सवलत नव्हती.

मी मिशनच्या शाळेत चौथी शिकले. आकडे नीट काढते म्हणून साहेबांनी मला खुरपण्यातून उचलून चिमट्याच्या कामावर घेतलं. गव्हाच्या फुलात नर आणि मादी एकाच घरात असतात. फूल उमलायच्या आत चिमट्यानं नराचे तीन हिरवे कण काढून टाकायचे, ओंबीवर कागदाची पिशवी चढवायची आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या गव्हाची पिवळी धूळ आणून वर झटकायची. मग चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर आईचा नंबर आधी, बापाचा मागून. मी साहेबांना म्हटलं, आमच्यात उलटं लिहितात. ते म्हणाले, “गव्हाला बाप कोण ते आपण सांगतो. आई त्याची त्याला दिसते.”

आई म्हणजे आपला पोळीचा चांगला गहू. बाप कुठल्या तरी खाऱ्या किनाऱ्यावरून आणलेला. अंगानं काटेरी, दाणा बारीक, तोंडात टाकला तर कोंडाच जास्त. पण मिठाला भीत नव्हता. का भीत नव्हता हे मी विचारलं तेव्हा साहेब बांधावर बसले आणि म्हणाले, “बाई, आपला गहू म्हणजे शिंगणापूरचं घर. दारच नाही. मीठ येतं मुळातून, सरळ वर पानापर्यंत जातं आणि पान करपतं. या बापाच्या मुळाशी दरवान आहे. मीठ आलं की तो तिथंच अडवतो. मला तेवढा दरवान पाहिजे. बाकी बाप नको.”

मी म्हटलं, “मंग वाफ्यात शनी बसवा. दार लागनार न्हाई.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे.

तेवढा दरवान काढून घ्यायचा म्हणजे पोराचं लग्न पुन्हा आईच्याच गव्हाशी लावायचं, त्याच्या पोराचं पुन्हा तिथंच. दर पिढीला बाप निम्मा कमी होतो. पण कुठल्या पोरात दरवान उतरला हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी कोवळ्या पानाचा तुकडा बर्फाच्या डब्यात घालून लॅबला द्यायचा, तिथं यंत्रात घालून सांगत की ह्यात आहे, ह्यात नाही. नाही ती उपटून टाकायची. अशी आठ वर्षं. माझ्या धाकट्या मुलीचं लग्न ठरून, होऊन, तिला दोन मुलं झाली, तरी आमचं इकडचं लग्न चालूच होतं.

एका रविवारी आमच्या पाळकांनी उपदेशात सांगितलं की माणसानं जगात मिठासारखं राहावं. सोमवारी मी ते साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “तुमच्या पाळकांना एकदा प्लॉटवर आणा. मी दाखवतो काय होतं ते.”

आता ती ओळ बॉर्डरला कशी गेली ते सांगते.

आदल्या वर्षीचं निवडक बी साहेबांनी कागदी पाकिटांत भरून कपाटात ठेवलं होतं. पेरणीच्या आधी कपाट उघडलं तर पाकिटं फाटलेली आणि आत टरफलं. खाली उंदराच्या लेंड्या. मी दाखवल्या. साहेब म्हणाले, “हे कुणाचं काम आहे मला माहीत आहे.” त्यांचा संशय शेजारच्या विभागातल्या साहेबांवर होता. ते ज्वारीवाले. त्यांना गव्हाच्या बियाचं काय लोणचं घालायचं होतं?

“साहेब, उंदीर हाय. ह्या बघा लेंड्या.”

“उंदीर आहे हे मलाही दिसतंय. पण कपाटाचं दार उघडं कुणी ठेवलं?”

दार ते स्वतःच उघडं ठेवत. बियाला हवा लागावी म्हणून. पण माणूस तेव्हा रडायच्या बेतात होता, म्हणून मी टरफलं चाळायला घेतली.

शोधून शोधून सव्वीस दाणे निघाले. तेवढेच जगात. आणि साहेबांची नोकरी मे महिन्यात संपत होती. त्यानंतर ना प्लॉट, ना पाणी, ना आम्ही. म्हणजे हा एकच हंगाम हातात होता. सव्वीस दाण्यांचं बी करून नव्या मॅडमच्या हवाली केलं तर काम पुढं चालणार, नाहीतर साहेबांच्या फायली रद्दीत जाणार.

तेव्हा त्यांनी डोकं चालवलं. कुठल्याही ट्रायलच्या चारी बाजूंना दोन ओळी साधा गहू लावतात. त्याला आम्ही बॉर्डर म्हणतो. वारा, गुरं, येणारे-जाणारे, सगळ्यांचा मार बॉर्डरनं खायचा आणि आतला प्लॉट वाचवायचा. ती ओळ कुणी मोजत नाही, तिला चिठ्ठी नसते. साहेबांनी आमची सुट्टी बघून मधल्या वाफ्यांत साधा गहू पेरला, त्यावर मोठाल्या पाट्या लावल्या आणि ते सव्वीस दाणे लिंबाखालच्या बॉर्डरला टोकले. चोर आला तर पाटी बघून मधला गहू नेईल. बॉर्डरकडं कोण बघतो?

बॉर्डरकडं कोण बघतो हे त्यांनी आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं. सगळं फार्म बघतं. माघात गहू चिकात आला की बॉर्डरच्या ओंब्या हा मजुरांचा हक्क असतो. पाहुणा आला तरी त्यालाही बॉर्डरच्याच ओंब्या. साहेब स्वतः चिमूटभरही खात नसत, त्यामुळं ही चाल त्यांच्या ध्यानातच कधी आली नव्हती. त्यांना वाटायचं पाहुण्यांचा गहू बाजारातून येतो.

कमिटीची माणसं ताटल्या टाकून निघून गेली, तेव्हा कुठं साहेबांनी मला हे सगळं सांगितलं. साहेब उकिडवे बसून राखेत बोटं घालत होते.

“कच्चा दाणा राहिला असेल एखादा.”

“साहेब, मी तीस वरसं ओंब्या भाजते. कच्ची ठेवीत न्हाई.”

“भाजलेलं बी उगवत नाही, बाई.”

“ते मला ठाऊक हाय.” मग मी म्हटलं, “मला आधी सांगितलं असतं तर मी दुसरीकडचं कापलं असतं.”

“तुम्हाला सांगितलं असतं तर गुप्त कसं राहिलं असतं?”

मी सूप झटकलं. तेवढ्यात गयाबाई घागर घेऊन आली. काय झालं ते तिला सांगितलं. ती म्हणाली, “मंग ती जुडी?”

“कुठली जुडी?”

“त्या मोठ्या सायबाला दिली न्हवं मी. हिरवीच व्हती. घरी न्या म्हनलं, बाईसायबांना दावा.”

साहेब उठले. मी त्यांना इतक्या झटक्यात उठताना कधी बघितलं नव्हतं. “गाडी कुठं गेली?”

यात विचारण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडं आलेली प्रत्येक कमिटी तासभर गहू बघते आणि मग शिंगणापूरला जाते. साहेबांनी स्कूटर काढली. मला म्हणाले, “चला. कुठल्या ओळीतलं आहे ते तुम्ही ओळखाल.” खरं म्हणजे एकट्यानं जायची त्यांची छाती नव्हती. मी पदर खोचला आणि मागं बसले. त्या स्कूटरला सुरू व्हायला वेळ लागे, थांबायला त्याहून जास्त. शिंगणापूरच्या अलीकडं एका म्हशीनं आम्हाला वाट दिली, आम्ही तिला दिली नाही.

शिंगणापुरात गाड्यांची ही गर्दी. पांढरी गाडी मी ओळखली, कारण तिच्या समोरच्या काचेशी आमची जुडी उभी होती, गयाबाईनं चिठ्ठीच्या लाल दोऱ्यानं बांधलेली. काचा खाली. ड्रायव्हर समोरच्या टपरीवर पाठमोरा चहा पीत होता. साहेबांनी खिडकीपर्यंत हात नेला आणि मागं घेतला.

“घ्या की.”

“इथं चोरी करणारा आंधळा होतो म्हणतात.”

“तुमचा तर कशावरच इस्वास न्हाई.”

“विश्वास नाहीच.” साहेब हळूच म्हणाले, “पण सोमवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.”

एवढा शिकलेला माणूस, आठ वर्षांचं काम वीतभर अंतरावर, आणि हा डोळे मिचकावत उभा. मी म्हटलं, “सरका.” हात घातला, जुडी घेतली, पदराखाली धरली. माल आमचाच होता. मीच क्रॉस केलेला, मीच कापलेला. आमचा देव वेगळा हे कारण नव्हतं. कुठल्याही देवाला सांगता आलं असतं.

वळले तर समोर अध्यक्ष. हाताला तेल, कपाळाला टिळा.

“अरे, डॉक्टर! तुम्हीही दर्शनाला?”

साहेबांना खोटं बोलता येत नसे. “नाही,” ते म्हणाले. “चोरी करायला.”

अध्यक्ष पुन्हा खो खो हसले. साहेबांच्या पाठीवर थाप मारली, तेलाचा पंजा शर्टावर उमटला. “तुमच्यासारखा विनोदी माणूस मी कृषी खात्यात बघितला नाही,” असं म्हणून ते गाडीत बसले. गाडी गेली तेव्हा साहेबांच्या कपाळावरून घाम गळत होता. मी म्हटलं, “बांधावर पुसा.” त्यांनी निमूटपणे रस्त्याच्या कडेला जाऊन पुसला.

जुडीत चौदा ओंब्या होत्या. चिकातला दाणा, अजून दाबला तर दूध निघे. मॅडम म्हणाल्या, असा दाणा सावलीत ओंबीतच सुकवला तर थोडेफार उगवतात, पण भरवसा नाही. साहेबांनी ती जुडी स्वतःच्या घरी देव्हाऱ्याशेजारी उलटी टांगली. बायकोला वाटलं शेवटी माणूस सुधारला. दाणे सुकून सुरकुतले, जिऱ्याएवढे झाले.

मे महिन्यात साहेबांना शाल आणि नारळ मिळाला. ज्वारीवाल्या साहेबांनी भाषण केलं, फार चांगलं बोलले. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, “बघा, अपराधी मन.” नव्या मॅडमना फार्मवर पहिल्या वर्षी प्लॉट मिळाला नाही. मग साहेब एके दिवशी बसनं माझ्या घरी आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “बाई, तुमच्या वीस गुंठ्यांत पेरू का?”

“तिथं कुसळ उगवत न्हाई.”

“म्हणूनच.”

माती चाखून बघितली. “नऊ,” म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एवढा खुलला की माझ्या जावेनं आतून विचारलं, पाव्हन्याला काय गावलं?

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघांनी गुडघ्यावर बसून दाणे टोकले. वरून काट्याची फांदी घातली. साहेब आठवड्यातून दोनदा येत. डबा आणत, अळणी. शेजारचे विचारत, “ह्यो एवढा मोठा सायेब तुज्या रानात काय चाटतो?” मी सांगायची, “त्येचं त्येला इचारा.” कुणी विचारलं तर साहेब त्यालाही चाखायला लावत, म्हणून पुढं कुणी विचारेना.

उगवली एकोणीस. संक्रांतीपर्यंत नऊ राहिली, बाकीच्यांची पानं शेंड्याकडून पिवळी पडत खाली आली. मॅडमनी येऊन नऊ पानांचे तुकडे नेले आणि फोनवर सांगितलं, सहांमध्ये दरवान आहे. साहेब म्हणाले, “कुठली सहा ते सांगू नका. मीठ सांगेल.” मॅडमनी कागद पाठवला तो त्यांनी माझ्याकडं दिला आणि लपवायला सांगितला. मी तो पिठाच्या डब्यात ठेवला.

दरवान नव्हता ती तीन पुढच्या पंधरवड्यात गेली. त्यानंतर दरवान असलेली दोनही गेली. साहेबांनी त्या दोन्हींच्या मुळाशी बोट घालून माती चाखली. मी म्हटलं, “ह्येंच्यात तर व्हता.” ते म्हणाले, “दरवानालाही झोप लागते, बाई.”

होळीच्या आदल्या दिवशी ओंब्या पिकल्या. साहेबांनी फांदी बाजूला केली, बोटानं मोजलं आणि म्हणाले, “पाच.” मी खाली वाकले, पाचवं मुळासकट उपटलं आणि त्यांच्या हातात दिलं. ते गवत होतं.

पंधरा मेली. चार जगली.